संगणकाचे ‘कॅरेक्टर’ आणि मराठीचे अक्षर

१

संगणकावर मराठी लिहिता येते की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. मराठी मजकूर टंकित होतो, पाठविला जातो, साठविला जातो आणि शोधलाही जातो. परंतु जो मजकूर पडद्यावर निर्दोष दिसतो तो यंत्राच्या आतही निर्दोष असतोच असे नाही. आणि भाषेच्या अभ्यासकाचा संबंध पडद्यावरील आकृतीपेक्षा आतल्या नोंदीशी अधिक येतो. शब्दांची वारंवारता मोजणे, कोशासाठी अवतरणे काढणे, एकाच ग्रंथाच्या दोन प्रती ताडून पाहणे ही कामे आज आपण संगणकाकडून करून घेतो. ती करणाऱ्या आज्ञावलींत ‘कॅरेक्टर’ नावाचा एक मूलघटक गृहीत धरलेला असतो. हा घटक मराठीतील अक्षर नव्हे आणि वर्णही नव्हे. तो नेमका काय आहे, आणि त्यालाच अक्षर मानून चालण्याचा जो प्रघात सॉफ्टवेअर-उद्योगाने पाडला आहे त्याचे आपल्या संशोधनावर कोणते परिणाम होतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतात. म्हणून प्रत्येक लेखनचिन्हास एक संकेतांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्की’ ह्या संकेतप्रणालीत अशा १२८ जागा होत्या आणि इंग्रजीच्या व्यवहाराला त्या पुरल्या. रोमन लिपीत एक अक्षर, टंकयंत्राची एक कळ, छापखान्यातील एक खिळा आणि संगणकातील एक संकेतांक ह्या चारही गोष्टी बहुतांशी एकमेकींशी जुळतात. हे जुळणे त्या लिपीचे वैशिष्ट्य आहे. लेखनमात्राचा तो नियम नव्हे. तथापि आज्ञावली रचणाऱ्यांनी तो नियम समजूनच आपली साधने घडविली.

देवनागरीत ह्या चारही गोष्टी वेगळ्या होतात. ‘क्षत्रिय’ हा शब्द पाहा. वाचकाच्या दृष्टीने त्यात क्ष, त्रि, य अशी तीन अक्षरे आहेत. संगणक मात्र त्यात क, हलन्तचिन्ह, ष, त, हलन्तचिन्ह, र, वेलांटी आणि य असे आठ संकेतांक मोजतो. हाच शब्द यूटीएफ-८ ह्या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीने साठविला, तर देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागत असल्यामुळे त्याची लांबी चोवीस होते. तीन, आठ आणि चोवीस ही तीनही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो कोणते माप लावले हे न सांगता उत्तर दिल्यामुळे.

३

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची घटना मुळात एक आहे, हे ओळखून तिने सर्वांसाठी एक सामाईक तक्ता बनविला. हा विचार भाषाशास्त्राला धरून होता. १९९१ सालीच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने १९८८ च्या इस्कीची मांडणी बव्हंशी तशीच उचलली. तिचे सर्वांत मोठे सामर्थ्य असे की तीत चिन्हे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ह्रस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण नोंदली जाते नंतर. यंत्राच्या सोयीसाठी हीच वेलांटी उजवीकडे न्यावी अशी शिफारस १९५३ च्या लखनौ येथील लिपिसुधारणा परिषदेने केली होती. नोंदीचा क्रम आणि दर्शनाचा क्रम वेगळे करताच लिपीला हात न लावता तो प्रश्न सुटला. अभियंत्यांचे हे श्रेय मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु तक्ता तयार होणे आणि तो वापरात येणे ह्यांत दीर्घ अंतर पडले. विंडोज ह्या प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय २००० साली आली. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, मराठी मुद्रण चालले ते निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांवर. ह्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठे काना, कोठे अर्धा ग, कोठे रफार. साठविलेला मजकूर वस्तुतः रोमन चिन्हांचा, आणि मराठी केवळ दिसण्यापुरती. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट काढून घेतला की संपूर्ण प्रबंध निरर्थक चिन्हांची रास होऊन बसतो. ग्राहक आपल्याच फाँटाशी बांधलेला राहावा, हा त्या व्यवहाराचा परिणाम होता. तो हेतूही होता असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे सोपे नाही. मराठीतील एका पिढीचे छापील लेखन आज अशा धारिकांत अडकलेले आहे. त्यांचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण प्रत्येक मांडणीसाठी वेगळे साधन लागते आणि जोडाक्षरांत चुका राहून जातात.

४

युनिकोड वापरले म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, अशी समजूत ह्या अनुभवानंतर रूढ झाली. ती किती अपुरी आहे हे मराठीच्या एका खास ध्वनिभेदावरून दिसून येईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेला पगार ह्यांत केवळ एका चिन्हाचा फरक आहे. ‘दर्या’मध्ये र् मागील अक्षराशी जोडला जातो, त्यावर आघात येतो आणि ‘द’ छंदात गुरू ठरतो. ‘दऱ्या’मध्ये र् पुढील य बरोबर उच्चारला जातो आणि ‘द’ लघूच राहतो. म्हणजे हा भेद लेखनातील अलंकार नसून भाषेच्या रचनेतील भेद आहे.

हा दुसरा, आडव्या रेघेचा अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात ऱ हा स्वतंत्र संकेतांक (द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी तक्त्यात आलेला) आणि हलन्तचिन्ह. दुसऱ्यात र, नुक्ता आणि हलन्तचिन्ह. तिसऱ्यात र, हलन्तचिन्ह आणि रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पहिले दोन समान मानावेत असे मानकाने ठरविले आहे. तिसरा प्रकार युनिकोडच्या १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवला गेला. तो इतर दोहोंच्या समान मानला जात नाही. म्हणून ‘वऱ्हाड’ हा शब्द एका प्रकाराने शोधला असता दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला ‘वऱ्हाड’ सापडेलच अशी खात्री नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. अदृश्य चिन्हे निरर्थक समजून काढून टाकण्याची, अथवा शब्दांची तुलना करताना त्यांकडे दुर्लक्ष करण्याची रीत आज्ञावलींत सर्रास आढळते. तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘दऱ्या’तील ते चिन्ह गळाले की मागे ‘दर्या’ उरतो. हिंदीसाठी घडविलेली काही साधने नुक्ता काढून टाकतात, कारण हिंदीत तो बरेचदा वैकल्पिक असतो. तीच साधने मराठीला लावली की पहिल्या दोन प्रकारांचीही तीच गत होते. डोंगरातल्या दऱ्या अशा रीतीने समुद्रास मिळतात आणि वारंवारतेच्या कोष्टकात त्याची खूणसुद्धा राहत नाही.

‘ॲ’ची कथा ह्याच जातीची आहे. मराठीत अत्यावश्यक असलेल्या ह्या अक्षरास स्वतंत्र संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये. तत्पूर्वी अ आणि चंद्र असे दोन संकेतांक जोडून ते लिहीत. कित्येक जण हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरीत. ही रूपेही मानकाच्या दृष्टीने परस्परांशी समान नाहीत. एकदा ठरलेल्या समानतेत पुढे बदल करावयाचा नाही असे युनिकोडचे धोरण आहे. जुना मजकूर कायम वाचता यावा म्हणून ते आवश्यकही आहे. पण त्यामुळे आरंभीची उणीव कायमची होते.

५

आता मोजणीकडे वळू. संशोधनात पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या पायथॉन ह्या संगणकभाषेत शब्द वेगळे काढण्याचे एक ठरीव चिन्ह आहे. त्या भाषेच्या मूळ शोधसाधनात ते अक्षरे आणि अंक ओळखते; काना, वेलांटी, हलन्तचिन्ह ह्यांना मात्र शब्दाचा भाग मानीत नाही. परिणामी ‘मराठी’ ह्या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन शब्द होतात, आणि ‘आचार्य’चे ‘आच’, ‘र’, ‘य’ असे तीन. आज्ञावली अडत नाही, चूक दाखवीत नाही; कोष्टक नीटनेटके हाती येते. एखाद्या विद्यार्थ्याने त्यावरून निष्कर्ष काढले तर त्याचा दोष किती आणि साधनाचा किती, हे परीक्षकाला तरी कसे कळावे?

दैनंदिन व्यवहारातही हेच चालते. नावाचे आद्याक्षर दाखविणारी आज्ञावली केवळ पहिला संकेतांक उचलीत असेल तर ‘क्षमा’चे आद्याक्षर ‘क’ ठरते. ठरावीक लांबीवर मथळा तोडला की ‘शास्त्र’चे ‘शास्’ उरते. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची ७०. आणि त्या ७० पैकी एकट्या ‘क्षत्रिया’ने ८ घेतलेली असतात. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा-प्रारूपांत हाच प्रकार नव्या रूपाने आला आहे. ही प्रारूपे मजकुराचे ‘टोकन’ नावाचे तुकडे करतात आणि वारंवार येणाऱ्या बाइटांच्या गटांवरून ते तुकडे ठरतात. गट ठरविताना पुढे असलेला मजकूर प्रामुख्याने इंग्रजी असला, तर इंग्रजी शब्द बहुधा एका तुकड्यात बसतो आणि मराठी शब्दाचे अनेक तुकडे पडतात, कधी तर अक्षराच्या मधूनच. अशा सेवांचे मोल पुष्कळदा तुकड्यांवर आकारतात. तोच आशय मराठीत मांडणाऱ्याने त्यासाठी अधिक पैसे द्यावयाचे, असा ह्याचा अर्थ होतो.

जोडाक्षर हा एकच घटक मानावा, अशी दुरुस्ती युनिकोडने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या बाबतीत आपल्या सर्वसाधारण नियमांत केली ती १५.१ ह्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये. पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षांनी. पहिलीच्या वर्गातील मुलाला ‘क्ष’ हे एक अक्षर आहे हे सांगावे लागत नाही.

६

ह्या विलंबाचे कारण दुष्टबुद्धी नव्हे. उद्योगाच्या कामाची रीतच अशी आहे की साधन प्रथम इंग्रजीसाठी तयार होते, त्याची चाचणी इंग्रजीत होते, आणि इतर भाषा ‘स्थानिकीकरण’ ह्या नावाखाली शेवटी येतात. तोपर्यंत मूळ गृहीतके आज्ञावलीच्या पायात गेलेली असतात. युनिकोड संघातील मताधिकार शुल्क भरणाऱ्या सदस्यांचा असून त्यांत मोठ्या संगणक-कंपन्या प्रमुख आहेत. पण प्रस्ताव पाठविण्यास आणि मसुद्यांवर मत देण्यास कोणासही मज्जाव नाही. हे व्यासपीठ मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी जेवढे वापरावयास हवे होते तेवढे वापरलेले नाही, असेच म्हणावे लागते. लिपी हा अभियंत्यांचा विषय, असे आपण समजत आलो; अभियंत्यांनी तो आपल्या परीने सोडविला.

तूर्त आपल्या हाती असलेल्या गोष्टी अशा. वारंवारता अथवा वितरण ह्यांवर आधारलेल्या प्रबंधात मोजणीचा घटक कोणता, शब्द कसे वेगळे केले आणि समान दिसणारी रूपे कशी एकरूप केली, हे पद्धतिविषयक प्रकरणात स्पष्ट नोंदविले पाहिजे. मोजणीपूर्वी अर्धा र सर्वत्र ऱ आणि हलन्तचिन्ह ह्या एकाच रूपात आणावा. ‘ॲ’ एकाच संकेतांकाने लिहावा. जुन्या फाँटांतील धारिका रूपांतरित करताना मूळ धारिका, तो फाँट आणि छापील प्रत ही तिन्ही जतन करावीत, म्हणजे शंका आल्यास पडताळा घेता येईल. नवे साधन स्वीकारण्यापूर्वी क्षत्रिय, दर्या, दऱ्या, वऱ्हाड, हृदय, ॲ अशा दहा-वीस शब्दांची यादी त्यावर चालवून पाहावी. ह्या कामास अर्धा तासही लागत नाही. आणि जे परीक्षक भाषिक सामग्रीची संख्यात्मक कोष्टके तपासतात त्यांनी अंकांकडे पाहण्यापूर्वी ते कशाचे अंक आहेत, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर प्रबंधात नसेल तर तो सुधारणेसाठी परत पाठविण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.