टेन थर्टी की ट्वेंटी फिफ्टी

सकाळी 7:40
सोलापूर, अक्कलकोट रोड. एमआयडीसीच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये दुचाकींचं गॅरेज, भाडं महिना साडेचार हजार. मे महिना चालू आहे. शटर वर गेलं की आधी रात्रीच्या दोन गाड्या बाहेर काढायच्या, मग आत पाय ठेवायला जागा होते. हाताखालचा पोऱ्या कालच्या सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकतो आणि झाडून घेतो. त्याला रोजचे अडीचशे आणि दोन चहा. मिस्त्री पाने मांडतात. सतरा नंबर हाताशी राहतो. इथं येणाऱ्या निम्म्या गाड्या स्प्लेंडर नाहीतर शाइन, आणि त्यांचा ड्रेन बोल्ट सतराचा.

सकाळी 8:15
कुंभारीकडून दूधवाले आण्णा येतात. दोन्ही बाजूंना कॅन, आता रिकामे. स्प्लेंडर जुनी, मागे निळा धूर.
मिस्त्री डिपस्टिक काढतात, फडक्यानं पुसतात, परत आत सोडतात. आटे फिरवत नाहीत, नुसती टेकवतात. फिरवून मोजलं तर काठी खोल जाते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. बाहेर काढली तर टोक कोरडं.
"कधी टाकलेलं आण्णा?"
"दहा-बारा दिस झाले की."
कंपनी आता या इंजिनाला टेन थर्टी ग्रेडचं पातळ तेल सांगते. मिस्त्री फळीवरून जाड ट्वेंटी फिफ्टी काढतात. बोर झिजलाय, रिंगा गेल्यात. पातळ तेल रिंगांमधून वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. जाड जरा कमी चढतं. त्यानं इंजिन सुधारत नाही, तेल चार दिवस जास्त पुरतं, एवढंच. बोर करून नवा पिस्टन टाकायचा तर साडेचार हजार आणि गाडी दोन दिवस उभी. म्हशी त्या दोन दिवसांत दूध द्यायच्या थांबत नाहीत.
तीनशे मिली ओततात. एकशे वीस रुपये, मजुरी नाही. उरलेल्या डब्यावर मार्करनं 'आण्णा' लिहिलेलं आहे. तो परत फळीवर जातो.

सकाळी 10:30
एक सर अ‍ॅक्टिव्हा घेऊन येतात. गाडी बीएस सिक्स, अजून चकचकीत. डिकीत स्वतः आणलेला ट्वेंटी फॉर्टीचा डबा.
"एवढं ऊन आहे. पातळ तेल टिकेल का? शेजारी म्हणाले, जाडच टाका."
मिस्त्री डबा फिरवून बघतात. "सर, पुढचा आकडा थंड इंजिनाचा, मागचा तापल्यावरचा. मागचा शंभर डिग्रीला मोजतात. बाहेर बेचाळीस झालं म्हणून ग्रेड बदलायची नसते, कंपनीनं ते धरलेलं असतं."
"मग हे टाकलं तर बिघडेल?"
"बंद नाही पडणार. अ‍ॅव्हरेज थोडं उतरेल. सकाळी स्टार्ट केल्या केल्या तेल वर हेडपर्यंत जायला उशीर लागतो. झीज तिथं होते."
डब्यावर बारीक अक्षरात एमए असं आहे. तेही ते दाखवतात. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडलेला असतो, तो घसरू नये म्हणून तिला एमए. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. शिक्षकाला समजावताना मिस्त्रींचा आवाज किंचित चढतो. सरांचा डबा ते ठेवून घेतात, एखाद्या जुन्या मोटरसायकलला जाईल. बदल्यात स्कूटरचा टेन थर्टी. मजुरी साठ.
तेल ओतून झाल्यावर सर म्हणतात, "डबा कापा."
पोऱ्या ब्लेडनं डब्याचं पोट फाडतो. अख्खा रिकामा डबा भंगारात गेला की कुठंतरी नकली तेलानं परत भरला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी 12:45
पत्रा तापलाय. टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम करणारा एक मुलगा शाइन ढकलत आणतो. मागच्या महिन्यात जुनी घेतली, अठ्ठावीस हजारांना.
"सकाळी गिअर टाकला की उडी मारून बंद पडते. न्यूट्रल सापडत नाही. किक तर पायात गोळे आणते."
मिस्त्री काही न बोलता खाली ट्रे सरकवतात. सतराचा पाना, एक झटका, मग बोटानं बोल्ट सोडवणं. तेल धार धरून पडायला हवं. हे काकवीसारखं लोंबतं. एवढ्या उन्हातसुद्धा. मिस्त्री दोन बोटांत घेऊन चोळतात, नाकाशी नेतात, मग मुलाच्या नाकाशी. गंधकासारखा उग्र वास.
"नव्वद नंबर. गिअर ऑइल. ट्रॅक्टर-ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते. इंजिन ऑइलात मिसळलंय."
"कशाला?"
"कळेल आता."
बाकी समजावणं पाना चालवता चालवता होतं. क्लच प्लेटा जाड तेलात एकमेकींना चिकटतात, लिव्हर दाबला तरी सुटत नाहीत, म्हणून उडी. जाळी काढून पेट्रोलनं धुतात. थोडं स्वस्त तेल घालून इंजिन दोन मिनिटं फिरवतात, तेही काढून टाकतात. नवा वॉशर, दहा रुपये. मग टेन थर्टी.
किक हलकी बसते. गाडी सुरू होते, आणि हेडमधून खडखड सुरू होते. आधी नव्हती.
मुलगा बिचकतो. "हे काय झालं?"
"होतंच. टायमिंग चेन ढिली झालीय, पॅड खाल्लेत. जाड तेलानं आवाज दाबला होता. विकणाऱ्यानं विकण्यापुरता."
चेन, पॅड, मजुरी धरून अठराशे. तेलाचे आणि आजच्या कामाचे सहाशे वेगळे. मुलगा सहाशे देतो. अठराशेवर काही बोलत नाही. सेकंड शिफ्ट तीनला लागते.

दुपारी 2:15
सोड्यानं हात धुतात. काळं नखांत राहतंच. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही.

दुपारी 4:30
ऑइलचा सेल्समन येतो. दहा डब्यांवर एक फुकट, वर टी-शर्ट. फक्त ट्वेंटी फॉर्टीवर.
"सगळ्या गाड्यांना चालतं की मिस्त्री. चार ग्रेड कशाला ठेवता?"
सेल्समन चुकीचं सांगतोय, पण हिशेब त्याचा बरोबर आहे. चार ग्रेडचे डबे म्हणजे फळीवर पंधरा-वीस हजार अडकलेले. शेजारचा गॅरेजवाला एकच बकेट ठेवतो आणि सगळ्यांना त्यातलंच ओततो. मिस्त्री पाच डबे घेतात, स्कीममध्ये बसत नाहीत. तरी टी-शर्ट पोऱ्याला मिळतो.

संध्याकाळी 6:20
डिलिव्हरीवाला पोरगा, पाठीवर चौकोनी बॅग. दिवसाला शंभरच्या वर किलोमीटर.
"मामा, जाडवालं टाका. म्हणजे जास्त दिवस चालेल."
हा समज मिस्त्रींना सगळ्यात जास्त चिडवतो. "जाड म्हणजे टिकाऊ नव्हं रे! काजळी तेवढीच धरणार, घाण तेवढीच होणार. अडीच-तीन हजाराला आण, पातळच टाकतो."
"तीन हजार म्हणजे महिना पण नाही होत."
त्यावर मिस्त्रींकडं उत्तर नाही. तेल बदलतात. दीडशे उधार, वहीत.

रात्री 8:00
सेंट्रिंगवाला कॅन घेऊन येतो. दिवसाचं जळकं ऑइल त्याला. स्लॅबच्या प्लेटांना फासलं की सिमेंट चिकटत नाही. पंचवीस रुपये लिटर. ट्रेमधलं शाइनचं तेल बघून तो खूश होतो, जाड आहे, प्लेटला छान धरतं.
तेवढ्यात तो लूमवाला मुलगा परत येतो, जेवणाच्या सुटीत. बराच वेळ गाडीच्या सीटवर हात ठेवून उभा राहतो.
"मिस्त्री, ते आधीचंच टाका ना परत. मी पण विकून टाकतो."
पोऱ्या हसतो. मिस्त्री हसत नाहीत.
"ते गेलं आता प्लेटांना. आणि मी ओतणार पण नाही. पगार कधी?"
"सात तारखेला."
"नऊशे आत्ता दे, नऊशे सात तारखेला. शनिवारी सकाळी गाडी आण."
मुलगा पाचशे काढतो. मिस्त्री वहीत पाचशे लिहितात आणि खाली बाकी तेराशे.