गालिचा धुण्याआधी धागा ओळखा

गालिचा, सतरंजी, जाजम हा रोज घेण्याचा माल नाही. लग्नात, ईदेला किंवा नवे घर बांधल्यावर माणूस तो हौसेने घेतो आणि वर्षानुवर्षे टिकावा अशी उमेद धरतो. पण कापडाच्या व्यवसायातील आमचा तजुर्बा असा की, गालिचा वापराने जितका बिघडतो त्याहून जास्त चुकीच्या धुण्याने बिघडतो. मग दोष दुकानदाराच्या माथी येतो आणि तुटलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

गोसीखुर्द-पवनी भागात ही काळजी अधिक घ्यावी लागते. वैनगंगेवरील धरणाचा शिलान्यास १९८८ साली झाला. जलाशयाखाली गेलेल्या गावांतील कुटुंबे पुनर्वसनाच्या वसाहतींत राहायला गेली. पक्क्या फरशीवर अंथरलेला ओला गालिचा खालून वाळत नाही, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. शिवाय घरात मांजर आणि दारात शेळी असतेच.

सर्वप्रथम धागा ओळखावा. पवनी हे विणकरांचे जुने गाव, तेव्हा ही परीक्षा येथे कोणाला नवी नाही. कडेचा एक तंतू काढून जाळावा. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो व राख बोटाने चुरडते. कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होते. नंतर गालिचा उलटून पाहावा. नक्षी मागेही स्पष्ट दिसली तर तो भदोहीच्या मालासारखा हाताच्या गाठींचा असू शकतो. मागे कापड चिकटवलेले असेल तर आत रबरी डिंक आहे असे समजावे. असा गालिचा पाण्यात भिजवू नये, डिंक सुटतो.

सुती सतरंजी साध्या साबणाने धुता येते. लोकरीला धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर आणि गरम पाणी वर्ज्य आहे. तिच्यासाठी रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचा गाळलेला फेस उत्तम. रेशमी गालिचा घरी धुऊच नये, आणि तागाचा फार भिजवला तर त्यावर तपकिरी डाग उमटतात. कोणताही माल धुण्याआधी पांढरा ओला फडका कोपऱ्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर हात आवरावा.

आता जनावरांच्या घाणीबद्दल. शेळीच्या लेंड्या वाळू द्याव्यात व मग झाडाव्यात. ओली विष्ठा किंवा ओकारी चमच्याच्या पाठीने कडेकडून आत खरवडून घ्यावी. मांजराने लघवी केल्यास कोरडा सुती कपडा दाबून टिपावे. घासू नये, घासल्याने ओल खोल जाते. नंतर थंड पाणी, आणि मग एक भाग पांढऱ्या सिरक्यात दोन भाग पाणी मिसळून शिंपडावे व टिपावे. कोरडे झाल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून सुती गालिचा रात्रभर ठेवावा व सकाळी झाडावा. लोकरीवर सोडा टाकू नये.

जुन्या डागाचा वास पावसाळ्यात पुन्हा उठतो, कारण लघवीतील युरिक आम्लाचे खडे पाण्यात सहज विरघळत नाहीत. त्यासाठी पाळीव जनावरांच्या सामानाच्या दुकानात एन्झाइमचे द्रावण मिळते. लोकरीला चालते की नाही हे बाटलीवर वाचूनच ते घ्यावे. फिनेल मात्र टाकू नये, मांजर पंजे चाटते व ते तिला विषारी ठरते. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकल्यास घातक वायू निघतो, हे घरच्या बायका-मुलांना जरूर सांगावे.

ज्या जाजमावर नमाज पढली जाते तेथे डाग दिसेनासा होणे पुरेसे नाही, ती जागा पाक झाली पाहिजे. म्हणून शेवटी स्वच्छ पाणी तीनदा टाकून दरवेळी नीट टिपून घ्यावे.

वाळवताना गालिचा दोरीवर टाकू नये. ओल्या वजनाने तो ताणला जाऊन वाकडा होतो. सावलीत बाजेवर पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. लोकरीचा माल गुंडाळून ठेवायचा असेल तर पुरता वाळवून, झाडून ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उलगडावा. कसरीच्या अळ्या अंधारात पडून असलेल्या मळक्या लोकरीवर अधिक वाढतात.

व्यापारी बंधूंनी एवढे करावे : माल देताना धागा कोणता व तो कसा धुवायचा, हे दोन ओळींत पावतीच्या मागे लिहून द्यावे. कृत्रिम धाग्याला लोकर म्हणून विकू नये, कारण पहिल्याच धुण्यात खरे बाहेर येते. आणि ज्या कारागिरांच्या हाती रफूचे कसब आहे त्यांनी गालिचा धुणे व दुरुस्तीचे कामही हाती घ्यावे. भांडवल थोडे लागते, मेहनत मात्र पुष्कळ. या कामात गिऱ्हाइकाची वस्तू ही अमानत असते. ती जशी आली त्याहून चांगली होऊन परत गेली की पुढचे काम आपोआप चालून येते.