पट्ट्याची काटकसर हुडाच्या मुळावर

जुन्या जीपचे कापडी हूड कशाने खराब होते, असे विचारले तर बहुतेक मालक उन्हाचे आणि पावसाचे नाव घेतात. ऊन-पाऊस कापडाला खातो, हे खरेच. परंतु पुष्कळदा हूड फाटण्याची सुरुवात ते लावलेले असताना होत नाही. मागे गुंडाळून ठेवलेले असताना होते. सुतळीने कसेबसे बांधलेले हूड वाऱ्याने फडफडते, लोखंडावर घासते, कमानीच्या सांध्यात चिमटते आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याला भोके पडतात. मग मालक कारागिराला दोष देतो आणि कारागीर कापडाला. दोष मात्र नसलेल्या पट्ट्याचा असतो. म्हणून कुशन व हूडकाम करणाऱ्या कारागिरांसाठी आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या जिल्ह्याला जीप नवी नाही. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे लष्कराच्या चिलखती दलाचे जुने ठाणे. वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही येथेच आहे. 1994 साली सुरू झालेले येथील रणगाडा संग्रहालय पाहायला बाहेरगावचे लोक आवर्जून येतात. जीप आपल्या देशात रुजवली ती महिंद्र कंपनीने. 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्र अँड मोहम्मद असे होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीज जीपची जुळणी कंपनीने 1947 पासून सुरू केली. त्या जातीच्या जुन्या जीपा शौकिनांनी आजही जपल्या आहेत.

आता वाऱ्याचा हिशेब पाहू. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 30 किलोमीटर वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे सव्वाचार किलो वजनाइतका असतो. ताशी 60 किलोमीटरला तो 17 किलोच्या घरात जातो. गावात सुतळीने टिकलेली वळकटी पुणे रस्त्याला लागल्यावर का सुटते, याचे उत्तर यात आहे. शिवाय वारा एकसारखा दाबत नाही, तो झटके देतो. एकदा कापडाचा कोपरा सुटला की त्यात हवा भरते आणि पुढचे टाके आपोआप उसवतात.

सुतळी किंवा दोरी वापरू नये, याचे कारण साधे आहे. दोरीचा सगळा ताण एका बारीक रेघेवर येतो आणि ती कापडाला कापते. रबरी दोरी आणि आकडे वापरणेही बरे नाही. रबर उन्हाने सैल पडते आणि आकडा निसटला तर मागे बसलेल्याच्या तोंडावर येतो. यासाठी एक ते दीड इंच रुंदीची नवार उत्तम. सुती नवार ओल धरते, म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरची घ्यावी. पट्टे दोन नव्हे, तीन हवेत : दोन टोकांना आणि एक मध्ये. दोनच पट्टे लावले तर मधला भाग पोटासारखा लोंबतो आणि घासतो.

पट्टा कोठे शिवायचा, यात खरी मेख आहे. काही कारागीर तो नुसता हुडाच्या कापडाला टाचतात. गाडी उसळली की सगळा ओढा त्या चार टाक्यांवर येतो आणि पट्टा कापडासकट निघतो. पट्ट्याने मागच्या कमानीच्या नळीला किंवा बॉडीवरच्या कडीला वेढा घेतला पाहिजे. म्हणजे भार लोखंडावर राहतो आणि कापड फक्त धरले जाते. जेथे पट्टा शिवायचाच असेल तेथे खाली कापडाचा दुहेरी तुकडा द्यावा, चौकोन शिवून आत फुली मारावी आणि दोरा पॉलिस्टरचा वापरावा. बकल रंगावर किंवा प्लास्टिकच्या काचेवर येणार नाही, अशा जागी ठेवावे.

गुंडाळण्याचीही रीत आहे. प्रथम हूड झटकून धूळ काढावी. घडीत राहिलेली वाळू पॉलिशपेपरचे काम करते. बाजूचे पडदे सोडवून वेगळे ठेवावेत. पुढची कड काचेच्या चौकटीपासून सोडवावी आणि कमानी हळूहळू मागे न्याव्यात. या वेळी दुसऱ्या माणसाने कापड कमानींच्या मधून बाहेर ओढत राहावे, म्हणजे ते सांध्यात सापडत नाही. त्यानंतर सैल वळकटी करावी, करकरीत घडी घालू नये. रेक्झिनला घडीच्या रेषेवरच तडा जातो. मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असेल तर तिच्यावर मऊ सुती कापड ठेवून मगच गुंडाळावे. शेवटी पट्टे आवळावेत, पण एक बोट आत जाईल इतकी जागा ठेवावी. पट्ट्याचे उरलेले टोक आत खोचावे, कारण फडफडणारे टोक रंग उडवते. वळकटीने मागचा दिवा किंवा नंबर प्लेट झाकली जात नाही ना, हेही पाहावे.

नुसता पाठीमागचा पडदा वर गुंडाळायचा असेल तर वळी आतल्या बाजूस घ्यावी. बाहेरच्या बाजूस घेतली तर तिच्यात पन्हळ तयार होते आणि पावसाचे पाणी साचते.

आपल्या जिल्ह्यात दोन हवामाने आहेत, हेही ध्यानात ठेवावे. पाथर्डी-जामखेडकडे धूळ आणि ऊन हा शत्रू. तेथे वळकटीवर वेगळी खोळ हवी. ती टिच बटणांनी लावली तर काढणे-घालणे सोपे जाते. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरच्या बाजूला मात्र ओल हा शत्रू. ओले सुती कॅनव्हास गुंडाळून वर खोळ चढवली तर त्याला बुरशी लागते आणि धागा कुजतो. घाईत ओले हूड गुंडाळावे लागलेच तर घरी पोचताच ते उघडून, ताणून वाळवावे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हूड लावूनच ठेवावे. गुंडाळून ठेवलेले कॅनव्हास आखडते, मग पुढच्या चौकटीपर्यंत पोचत नाही. आणि वळकटीत उंदीर घर करतात ते वेगळेच.

या कामाला आता नवे गिऱ्हाईकही आहे. 2021 साली केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि फेरनोंदणीची फी 5,000 रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच आणता येते. शिवाय गाडी मूळ रूपात असावी लागते. अशा गाडीचा मालक हूड करून घेताना जुन्या पट्ट्याची रुंदी, बकलाची जात आणि टाक्याची रेघही पाहतो. म्हणून जुने हूड उतरवले की ते लगेच फेकू नये. त्याची मापे घ्यावीत, पट्टे कोठे होते याच्या खुणा करून ठेवाव्यात आणि नव्या हुडाला तसेच पट्टे द्यावेत.

कारागीर बंधूंना आमचे एवढेच सांगणे आहे की, हूड शिवून दिले म्हणजे काम संपले असे समजू नका. हुडाच्या किमतीतच तीन पट्टे धरा आणि गाडी देताना गिऱ्हाइकासमोर हूड एकदा गुंडाळून, बांधून दाखवा. त्याला दहा मिनिटे लागतील. पण वर्षभरात फाटलेले हूड घेऊन भांडायला येणारा माणूस आणि चार वर्षांनी दुसरी गाडी घेऊन येणारा माणूस, यांतला फरक त्या दहा मिनिटांत आहे. दुकानातल्या शागिर्दांनाही उस्तादांनी मशीनवरच्या शिलाईबरोबर ही बांधणी शिकवावी. गिऱ्हाईक शिलाई पाहून पैसे देतो, पण दुकानाचे नाव काढतो ते हूड किती दिवस टिकले यावरून.