गोळ्यांचे आवाज आणि गल्ल्याची टिंग

'स्लमडॉग मिलेनियर' (2008) मध्ये दोघे भाऊ ट्रेनमधून भटकतात, तेव्हा मागे एक इंग्रजी गाणं वाजतं. कोरसमध्ये लहान मुलांचे आवाज, मध्येच बंदुकीच्या गोळ्या, आणि शेवटी दुकानाच्या गल्ल्याची 'टिंग'! हेच ते 'पेपर प्लेन्स'. गायिका एम.आय.ए. ऐकायला मस्त वाटतं, पण पॉप गाण्यात गोळ्या कशासाठी?

त्यासाठी तिची गोष्ट माहीत हवी. माया अरुलप्रगासम 1975 मध्ये लंडनला जन्मली, पण काही महिन्यांची असतानाच श्रीलंकेत जाफनाला गेली. वडील तमिळ चळवळीतले, कायम भूमिगत. 1983 मध्ये यादवी युद्ध पेटलं. 1986 मध्ये आई मुलांना घेऊन निर्वासित म्हणून लंडनला परतली. आई शिवणकाम करायची. माया पुढे सेंट मार्टिन्स कॉलेजात फिल्म शिकली आणि रोलँडच्या एमसी-505 या मशीनवर स्वतःच गाणी जुळवायला लागली. पहिला अल्बम 'अरुलर' (2005) म्हणजे वडिलांचं चळवळीतलं टोपणनाव, तर दुसरा 'काला' (2007) आईच्या नावाचा.

'काला'च्या वेळी अमेरिकेचा व्हिसा अडकला. मग तिने जगभर फिरून रेकॉर्डिंग केलं, चेन्नईत तमिळ उरुमी वाद्यंसुद्धा घेतली. 'पेपर प्लेन्स'ची चिडही त्या व्हिसातलीच. परदेशातून आलेला माणूस म्हणजे चोर नाहीतर अतिरेकी, असं जो समजतो त्याची ती टर उडवते. तुला हेच वाटतं ना? मग घे, गोळ्या आणि गल्ला! गंमत म्हणजे एमटीव्हीने नेमके गोळ्यांचेच आवाज दाबले.

तिच्यावर टीकाही झाली, आणि ती सगळीच खोटी नाही. सुरुवातीला ती वाघाची चित्रं वापरायची, म्हणून एलटीटीईचं उदात्तीकरण करते असा आरोप झाला. एलटीटीईने लहान मुलांच्या हातात बंदुका दिल्या, आत्मघातकी हल्ले केले, हे विसरून चालणार नाही. तीन मिनिटांच्या गाण्यात युद्धाच्या दोन्ही बाजू मावत नाहीत. पण 2009 मध्ये युद्धाच्या शेवटी हजारो तमिळ नागरिक मरत होते, तेव्हा जगभर ऐकला जाणारा तमिळ आवाज बहुधा तिचाच होता. लहानपणी गोळ्या ऐकलेल्या मुलीने प्रेमगीतंच गावीत, असं आपण तरी कसं म्हणणार?

2019 मध्ये ब्रिटिश सरकारने तिला एम.बी.ई. हा किताब जाहीर केला. तिने सांगितलं की याच पदकांचं शिवणकाम तिच्या आईने अनेक वर्षं हाताने केलं होतं. जिच्या आईने पदकं शिवली, तिलाच ते पदक!

तेव्हा मित्रांनो, रूमवर पुढच्या वेळी हे गाणं लावाल तेव्हा नाचा जरूर, पण ती 'टिंग' नीट ऐका. ती आपल्या डोक्यातल्या संशयाची आहे.