घरावरचा कर: श्रीमंत कोण, भरतो कोण?

मुंबईतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळालेली मालमत्ता कराची माफी गरिबांसाठी आहे, असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात या माफीची कसोटी मालकाचे उत्पन्न नाही, घराची किंमतही नाही. कसोटी आहे ती चटई क्षेत्राची: 46.45 चौरस मीटर किंवा त्याहून कमी. 2017 च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने हे आश्वासन दिले. 2019 मध्ये बिलातला फक्त ‘सर्वसाधारण कर’ गेला. मलनिःसारणासारखे इतर कर आणि उपकर राहिले, त्यामुळे माफी जाहीर होऊनही लोकांच्या हाती बिले पडतच राहिली. पूर्ण माफीचा निर्णय जानेवारी 2022 मध्ये झाला. लालबागच्या चाळीतल्या खोलीला तिचा लाभ मिळतो, हे खरेच. पण वरळीच्या टॉवरमधल्या 490 फुटांच्या फ्लॅटलाही तो तेवढाच मिळतो, आणि दहिसरच्या जुन्या सोसायटीत 520 फुटांत राहणारे कुटुंब मात्र कर भरते, मग त्याचे घर वरळीच्या निम्म्या किमतीचे का असेना. मतांच्या हिशोबात फूट मोजणे सोपे पडते. संपत्तीच्या हिशोबात ते फारसे उपयोगाचे नाही.

ज्याचे घर महाग त्याला कर जास्त, हाही असाच एक समज. मुंबईत 2010 पर्यंत कर ठरत असे तो घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावर. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठवली होती, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरील जुन्या इमारतीचा कर नाममात्र राहिला आणि उपनगरातल्या नव्या इमारतीवर तुलनेने भारी बसला. 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याची, म्हणजे रेडी रेकनरच्या सरकारी दरांशी जोडलेली पद्धत आली. तरी निवासी घरांचा कर पहिल्या फेरीत दुपटीपेक्षा जास्त वाढू नये अशी मर्यादा कायद्यातच होती. जुनी तफावत त्यामुळे एका फटक्यात मिटली नाही.

विषमता म्हटली की डोळ्यांपुढे शेअर बाजार आणि उद्योगपती येतात. राहते घर म्हणजे गरज, ती संपत्तीत कशाला धरायची, असे मध्यमवर्गाला मनापासून वाटते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2019 च्या पाहणीचे आकडे वेगळे बोलतात. शहरी कुटुंबांच्या मालमत्तेतला साधारण 87 टक्के वाटा जमीन आणि इमारतींचा होता. ग्रामीण भागात तो 91 टक्के. शहरांतल्या वरच्या 10 टक्के कुटुंबांकडे एकूण मालमत्तेचा 55.7 टक्के हिस्सा होता, तर खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून 6.2 टक्के. अर्थात अशा पाहण्यांत अतिश्रीमंत क्वचितच नीट पकडले जातात. तरीही सर्वसामान्य कुटुंबांमधली दरी मुख्यतः घर आणि जमिनीची आहे, एवढे त्यातून दिसते.

‘संपत्ती कर परत आणा, म्हणजे बंगलेवाले भरतील’ या मागणीत जुन्या कायद्याचा विसर आहे. 1957 च्या त्या कायद्यात अखेरच्या काळात एक राहते घर करमुक्त होते, मग त्याची किंमत कितीही असो. 1993 पासून शेअरही वगळले गेले. उरले ते मुख्यतः दागिने, गाड्या, मोकळे भूखंड आणि जादा घरे. 30 लाखांवरच्या निव्वळ संपत्तीवर 1 टक्का घेणाऱ्या या करातून 2013-14 मध्ये देशभरात जेमतेम 1,008 कोटी रुपये जमा झाले. 2015 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

उलट आयकरात घरमालकाला सवलत आहे. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील 2 लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते. ही सवलत सर्वांना सारखी वाटते, पण 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे तीत 60 हजार वाचतात, 20 टक्क्यांच्या टप्प्यात 40 हजार, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचे काहीच नाही.

वार्षिक कर वाढला की घरे महागतात, ही भीतीही तपासून घ्यावी अशी आहे. जमीन वाढवता येत नाही. तिच्यावर दरवर्षी कर द्यावा लागणार हे ठाऊक असलेला ग्राहक किंमत कमी लावतो, म्हणून जमिनीपुरता हा भार बराचसा मालकावरच पडतो. घर घेताना खिसा खरा रिकामा होतो तो मुद्रांक शुल्काने. मुंबईत मेट्रो अधिभारासह ते 6 टक्के आहे; म्हणजे दोन कोटींच्या घरावर 12 लाख, तेही महापालिकेला नव्हे तर राज्याला. (घर स्त्रीच्या नावे असल्यास 1 टक्का कमी.) घर बंद ठेवणाऱ्याला हे शुल्क पुन्हा भरावे लागत नाही. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी होती.

एक आक्षेप मात्र गैरसमज नाही. दादर किंवा गिरगावात आयुष्य काढलेल्या निवृत्त माणसाचे घर कोटींचे असते आणि हातात फक्त पेन्शन येते. किमतीप्रमाणे कर लावला तर तो भरायचा कशातून? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 55 वर्षांवरील पात्र घरमालकाला राहत्या घराचा कर पुढे ढकलता येतो. ती रक्कम घरावर कर्ज म्हणून नोंदली जाते आणि घर विकले किंवा दुसऱ्याच्या नावे झाले की व्याजासह वसूल होते.