नोंदपुस्तकात न उतरलेला वारसा

धर्मग्रामाची नोंदपुस्तके म्हणजे बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखांची कोरडी जंत्री, असा पुष्कळांचा समज असतो. तथापि अमेरिकेतील बॅटन रूज धर्मप्रांताच्या दप्तरात अशी काही पुस्तके आहेत, की जी निर्वासितांनी परागंदा होताना बरोबर नेली. ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्राँ-प्रे गावच्या चर्चची. सतराव्या शतकात फ्रान्समधून येऊन तेथे वसलेल्या या कॅथलिक शेतकऱ्यांना अकेडियन म्हणत. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना हुसकून लाविले. वर्षानुवर्षे भटकून त्यांच्यातील हजारो लोक अखेर लुइझियानात स्थिरावले.

त्यांच्याबरोबर आणखी एक वस्तू आली होती. तिची नोंद कोणत्याही पुस्तकात नव्हती.

या समाजात काही मुले जन्मतःच बहिरी निपजत. ती चालावयासही उशिरा शिकत, कारण शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रियही कानाच्या आतच असते. पुढे दहा वर्षांच्या सुमारास ती तिन्हीसांजेला अडखळू लागत. मग दृष्टी चोहोंकडून आकसत जाई, जणू नळीतून पाहावे तशी. बहिऱ्या माणसाचे बोलणे-ऐकणे डोळ्यांवर चालते, वाचकहो. तेच डोळे मावळू लागले म्हणजे त्या घरावर काय ओढवत असेल! हा विकार आनुवंशिक आहे, असे ब्रिटिश नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांनी १९१४ साली आग्रहाने मांडिले, आणि पुढे त्यास त्यांचेच नाव मिळाले.

वारसा चालतो तो असा. शरीराच्या घडणीचा मजकूर प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असतो. एक आईकडून, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरी काम भागविते, आणि तो मनुष्य जन्मभर धडधाकट ऐकतो, पाहतो. आईबाप दोघेही असे वाहक असतील, तरच मुलाच्या वाट्यास दोन्ही सदोष प्रती येऊ शकतात. तसा संभव प्रत्येक गरोदरपणात चारांत एक. पहिले मूल बहिरे झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब येथे चालत नाही. आणि बहिरे मूल झाले की सुनेकडे बोट दाखविणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे, की बापाचा वाटा यात अगदी तितकाच असतो.

अकेडियनांची ती चूक १९९२ साली अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, आणि २००० साली जनुकच हाती लागले. मजकुरातील एकच अक्षर बदललेले! त्यामुळे अंतःकर्णातील सूक्ष्म रोमांची बांधणी राखणारे प्रथिन नीट तयार होत नाही. दृष्टिपटलालाही त्याच प्रथिनाची गरज असते. मूळची घराणी थोडी, सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या आपसांत. म्हणून ती एक चूक इतक्या घरांत पोहोचली.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? मामेबहिणीशी लग्न ही अनेक गावांची जुनी रीत. आजा-आजी एकच असल्यावर तीच चूक दोघांजवळ असण्याचा संभव वाढतो. १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे सख्ख्या मामे, आते, चुलत व मावस भावंडांच्या विवाहास विशेष सूट लागते. असे अर्ज मीही भरून पाठविले आहेत. मात्र घराण्यात कोणी जन्मतः बहिरे अथवा रातांधळे आहे काय, हे मी कधी विचारले नव्हते. आता विचारतो.

बहिरेपणावर आज कॉक्लिअर रोपणाची शस्त्रक्रिया आहे. ती अगदी लहानपणी झाल्यास मूल बोलावयास शिकू शकते. मावळती दृष्टी थोपविणारे मान्यताप्राप्त औषध मात्र अशर विकारावर अद्याप नाही. २०१३ साली अकेडियनांचीच चूक असलेल्या नवजात उंदरांना एक औषध टोचले असता त्यांना ऐकू येऊ लागले व तोलही सावरला. पण उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते.

तोवर, जन्मतः बहिरे मूल चालावयास फार उशीर लावीत असेल, दिवेलागणीला उंबऱ्याशी ठेचाळत असेल, तर पोर वेंधळे आहे म्हणून सोडून देऊ नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्याचे दृष्टिपटल तपासून घ्यावे. बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी आणि हातात हात घेऊन करावयाच्या खुणा, दृष्टी शाबूत आहे तोवर शिकणे पुष्कळ सोपे जाते.