भातखाचरातील पाणपक्ष्यांची ओळख

भातखाचरात उतरणारे सर्वच पाणपक्षी पिकाचे शत्रू नव्हेत. म्हणून त्यांना हुसकावण्यापूर्वी चोच, पाय व सवय पाहावी.

पिवळ्या चोचीचा पांढरा गायबगळा गुरांमागे फिरून नाकतोडे टिपतो. विणीच्या काळात त्याचे डोके, मान व पाठ नारिंगी होते. काळी चोच, काळे पाय व पिवळी बोटे असलेला तो लहान बगळा. बसला असता मातकट दिसणारी, पण उडताच शुभ्र पंख दाखविणारी ती ढोकरी. हे तिघेही किडे, बेडूक, मासे खातात. भाताला तोंड लावीत नाहीत.

जांभळी पाणकोंबडी मात्र कोवळी रोपे तोडते. लाल चोच, लाल कपाळ, लांब तांबडे पाय आणि शेपटीखालचा पांढरा रंग ही तिची खूण. तिलाही मारू नये, केवळ हाकलावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही लक्षणे शेतकऱ्यांस बांधावरच दाखवावीत.